टाळ्यांच्या गजरात सोडलेली पिल्ले

आमच्या गावाला रेल्वेचे स्थानक आहे. पण त्याच्या पाटीवर गावाचे नाव नाही. वरठीला उतरणारा प्रवासी 'भंडारा रोड' ही पाटी वाचून उतरतो. हावड्याहून मुंबईकडे आणि मुंबईहून हावड्याकडे धावणाऱ्या गाड्या अहोरात्र या रुळांवरून जातात. म्हणजे एका समुद्राकाठची माणसे दुसऱ्या समुद्राकाठी जाताना आमच्या दारावरून जातात. आम्हांला मात्र समुद्र दोन्ही बाजूंना शेकडो मैल दूर. अशा ठिकाणी बसून समुद्री कासवांविषयी लेखणी उचलणे हा आगाऊपणा आहे, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. मी मूळचा वसईचा, पोटापाण्यासाठी मोहाडी तालुक्याच्या या गावी येऊन स्थिरावलेला. समुद्र सुटला तरी त्याची ओढ सुटत नाही. शिवाय या प्रश्नाशी वरठीचा काही संबंध नाही, ही समजूतच मला खोडून काढायची आहे.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात भाच्याने आग्रह धरला, "मामा, आमच्या युवक मंडळाची सहल कोकणात चालली आहे. कासवाची पिल्ले सोडायला चला." गेलो. किनाऱ्याचे व आयोजकांचे नाव येथे लिहीत नाही. कारण जे पाहिले ते एकट्या त्यांचे पाप नव्हे, आपणा सर्वांच्या हौसेचे आहे. पहाटे अंधार असतानाच कुंपणातील एका टोपलीखालची वाळू हलू लागली आणि इवलीशी, काळसर राखाडी पिल्ले एकमेकांच्या पाठीवर चढत वर आली. त्या क्षणी त्यांना पाण्याच्या दिशेने वाट करून दिली असती तर उजाडायच्या आत ती लाटांपार गेली असती. पण पाहुणे यायचे होते. पिल्ले उचलून प्लॅस्टिकच्या घमेल्यात ठेवली गेली. पाहुण्यांची मोटार साडेनऊच्या सुमारास आली. तोवर तीन तास ती पिल्ले घमेल्याच्या भिंतीला धडका देत वल्ह्यांसारखे पाय मारीत होती. मग ध्वनिक्षेपकावरून स्वागत, नारळ, दोन भाषणे. मग मुलांच्या तळहातावर एकेक पिल्लू ठेवून छायाचित्रे. मग टाळ्या. उन्हाने तापलेल्या वाळूवर काही पिल्ले चार पावले चालून थांबली. त्यांना कोणी हाताने उचलून पाण्यात 'ठेवले'. वर घारी आणि कावळे घिरट्या घालीत होते. परतताना बसमध्ये सगळ्यांचे चेहरे समाधानाने उजळले होते. माझा भाचाही म्हणाला, "आज काहीतरी चांगले केले."

नेमके काय चांगले केले, हा या लेखाचा विषय आहे.

अंड्यातून बाहेर पडलेले कासवाचे पिल्लू पोटात उरलेल्या बलकाची शिदोरी घेऊन निघते. वाळू थंड झाली की ते वर येते. म्हणून बहुधा रात्री किंवा पहाटे. क्षितिजाच्या ज्या बाजूला उजेड अधिक, ती समुद्राची बाजू, एवढेच ज्ञान त्याला निसर्गाने दिलेले असते. पाण्यात शिरल्यावर ते दिवसभर, कित्येकदा त्याहून अधिक काळ, न थांबता पोहत सुटते. कारण किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात त्याला खाणारे मासे आणि पक्षी दबा धरून असतात. ही सारी धाव त्या शिदोरीवर चालते. ती शिदोरी घमेल्यात उधळली गेली, तर पिल्लू पाण्यात पोहोचते खरे, पण धावण्याचे बळ घमेल्यात ठेवून पोहोचते. आपण त्याला सोडले नाही, त्याला दमवून समुद्राच्या स्वाधीन केले. ऑलिव्ह रिडले जातीचे हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. वाघाच्या बछड्याला तळहातावर घेऊन छायाचित्र काढण्याचे धाडस कोणी करील काय?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. कोकणात कासवसंरक्षणाची चळवळ उभी राहिली ती तमाशा म्हणून नव्हे. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या कार्यकर्त्यांना मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. नाना फडणवीसांचे म्हणून ओळखले जाणारे हे गाव तोवर कासवासाठी कोणाला ठाऊक नव्हते. अंडी काढून खाण्याची, विकण्याची रीत होती. कुत्री आणि कोल्हे होतेच. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच हाताशी धरले. रात्री किनाऱ्यावर फिरायचे, मादीने घरटे केले की अंडी काळजीपूर्वक काढायची आणि कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ती पुन्हा पुरायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात. पुढे २००६ पासून 'कासव महोत्सव' सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, अंडी खाण्यापेक्षा राखण्यात चार पैसे अधिक मिळतात हे गावाला दिसले. ज्याने काल अंडी काढली तोच आज 'कासवमित्र' म्हणून पहाटे किनारा चालतो. हे काम मोठे आहे. आंजर्ले, गुहागर, दक्षिणेकडे वेंगुर्ल्याचे वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर आज वनविभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या देखरेखीखाली ते चालू आहे. या माणसांना मी हात जोडतो. माझे भांडण त्यांच्याशी नाही. ज्यांनी त्यांच्या वर्षभराच्या जागरणाचा शेवटचा अर्धा तास तेवढा उचलून त्यालाच संरक्षण असे नाव दिले, त्यांच्याशी आहे. म्हणजे तुमच्याशी आणि माझ्याशी.

थोडा हिशेब करू. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी. हजार पिल्लांतून एखादेच वयात येते, असे अभ्यासक ढोबळमानाने सांगतात. वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. याचा अर्थ असा की दहा घरटी जिवापाड राखली, त्यांतली पिल्ले टाळ्यांच्या गजरात सोडली, तर दीड दशकानंतर एखादे प्रौढ कासव समुद्राला मिळते. आणि एक मादी एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मेली की त्या दहा घरट्यांचा हिशेब एका रात्रीत शून्य. कासव माशासारखे पाण्यातला प्राणवायू घेत नाही. त्याला श्वासासाठी वर यावे लागते. ट्रॉलचे जाळे तासन् तास तळाशी ओढले जाते. त्यात अडकलेले कासव बुडून मरते. समुद्रातला प्राणी समुद्रात बुडून मरतो, यापरती शोकांतिका ती कोणती? २०२५ च्या जानेवारीत चेन्नई व तिच्या आसपासच्या किनाऱ्यांवर हजाराहून अधिक ऑलिव्ह रिडले मरून लागली. त्यांच्यासाठी कोणी ध्वनिक्षेपक लावला नाही.

हे केवळ माझे अनुमान नव्हे. १९८७ साली डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या अमेरिकी संशोधकांनी लॉगरहेड कासवांच्या लोकसंख्येचे गणित मांडून दाखविले की किनाऱ्यावरचे एकूण एक अंडे वाचविले, तरी समुद्रातली मोठी कासवे मरत राहिली तर ती जात सावरत नाही. त्याहून बोलका दाखला मेक्सिकोच्या रांचो न्यूव्हो किनाऱ्याचा आहे. आपल्या ऑलिव्ह रिडलेची सख्खी बहीण जी केम्प्स रिडले, तिच्या हजारो माद्या १९४७ साली एकाच दिवशी त्या वाळूवर अंडी घालताना चित्रफितीत टिपल्या गेल्या. तज्ज्ञांनी तो आकडा चाळीस हजारांच्या घरात धरला होता. १९६६ पासून तेथे अंड्यांवर पहारा बसला. तरीही १९८५ साली उरलेल्या घरट्यांची संख्या सुमारे सातशेवर आली. वीस वर्षे अंडी राखली जात होती, पिल्ले सोडली जात होती आणि जात बुडत होती. घरट्यांचा आकडा वर चढू लागला तो पहाऱ्याच्या जोडीला कोळंबीच्या जाळ्यांत कासवाला सुटकेची वाट ठेवणे सक्तीचे झाल्यानंतर.

ही सुटकेची वाट म्हणजे 'टेड'. जाळ्याच्या घशात तिरप्या सळयांची एक जाळी बसवितात. कोळंबी सळयांमधून मागे जाते, कासव सळयांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या समुद्राला साजेशी टेड तयार केली त्याला कित्येक वर्षे लोटली. आपण काय केले? अमेरिकेने १९८९ च्या कायद्यान्वये टेडविना पकडलेली कोळंबी नाकारली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी मिळून जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ चा निकाल वाचण्यासारखा आहे: कासव वाचविण्याचा हेतू रास्त, मात्र अंमलबजावणी भेदभावाची. आपण निकालाचा उत्तरार्ध मोठ्याने वाचला आणि पूर्वार्ध गिळला. परिणामी २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेची दारे बंद झाली. त्यानंतर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून टेडला अनुदान देण्याची भाषा सुरू झाली. बाजार बुडाल्यावर सुचलेले शहाणपण!

आता माझे मच्छीमार वाचक, विशेषतः उत्तन, पाचूबंदर, अर्नाळा येथील बांधव, म्हणतील की सारे खापर आमच्याच डोक्यावर. नाही. उलट मला म्हणायचे आहे ते हेच की कासवाचा सारा भार आजवर गरीब मच्छीमारावर टाकून बाकीचे मोकळे झाले आहेत. डोल लावून बोंबील-जवळा धरणाऱ्या माणसाला आणि तळ खरवडीत जाणाऱ्या ट्रॉलरच्या मालकाला एकाच मापाने मोजणे हा अन्याय आहे. टेडमुळे मासळी निसटते ही तक्रारही थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ज्याच्या डिझेलचा खर्च दररोज वाढतो त्याला मूठभर कोळंबीही मोलाची असते. ती मूठभर कोळंबी कोणी भरून द्यायची, हा खरा प्रश्न आहे. किनाऱ्यावर पिल्लू हातात घेऊन उभे राहणारे आपण संध्याकाळी खानावळीत कोळंबीचे ताट मागवतो आणि ती कोणत्या जाळ्यातून आली हे विचारीत नाही. विचारले असते तर टेड केव्हाच लागली असती, कारण बाजार कायद्यापेक्षा लवकर ऐकतो.

२०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने एक चांगली गोष्ट केली. जाळ्यात अडकलेले कासव, देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. जाळे कापणे म्हणजे काय, हे कोळ्याच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल. अंधाऱ्या रात्री, हेलकावणाऱ्या होडीत, कोणी टाळ्या वाजवीत नसताना आपल्या हाताने आपले जाळे कापणारा तो खलाशी हाच माझ्या मते कासव सोडणारा खरा माणूस. त्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: जाळ्यातून निघालेले निपचित कासव मेलेलेच असते असे नाही. तसेच पाण्यात टाकले तर ते बुडेल. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू थोडी उंच करावी, सावली द्यावी, अंगावर ओले फडके घालावे. फुफ्फुसातले पाणी उतरून काही तासांनी ते पुष्कळदा शुद्धीवर येते. ही माहिती आपल्या धक्क्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली मला तरी दिसली नाही. महोत्सवाच्या कमानी मात्र जागोजागी दिसतात. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याला लागलेली जखमी कासवे डहाणूच्या उपचार केंद्रात आणली जातात. कित्येकांचे पाय समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांच्या फासाने कापले गेलेले असतात. सहल न्यायचीच तर तेथेही न्यावी. तेथे टाळ्या वाजवाव्याशा वाटणार नाहीत.

समुद्रानंतर किनारा. पिल्लाला उजेडाची दिशा म्हणजे समुद्र. पण किनाऱ्यालगत हॉटेलांचे दिवे लागले की त्याचा समुद्र जमिनीकडे सरकतो. गोव्याच्या मोरजीची वाळू कासवांसाठी राखीव आणि तिच्याच मागे रात्रभर झगमगाट. धूप थांबविण्याच्या नावाखाली जागोजागी दगडी बंधारे उभे राहिले. मादी पाण्यातून वर येते, दगडाला धडकते आणि अंडी न घालता परत फिरते. जो गाव कासव महोत्सवाने नावारूपाला आला, तेथे कासवाच्या नावाने खोल्या बांधायच्या आणि त्या खोल्यांच्या दिव्यांनी कासवाची वाट चुकवायची, हे उद्या घडू नये म्हणून आजच बोलले पाहिजे.

आणि आता वरठी. वाचकांनी ही उडी मोठी समजू नये. कासवानेच ती मारून दाखविली आहे. २०२३ साली गुहागरच्या किनाऱ्यावर ज्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविली, त्यांतली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट दिशेचा पुरावाही आला. २०२१ साली ओडिशात पायाला खुणेचा बिल्ला लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्वेची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी हा भेद आपल्या नकाशात आहे, त्यांच्या समुद्रात नाही. त्याच २०२५ च्या फेब्रुवारीत ओडिशाच्या ऋषिकुल्या मुखाशी सुमारे सात लाख माद्यांनी अंडी घातली. त्या किनाऱ्याच्या दक्षिणेला गोदावरीचे मुख आहे; तेथील वाळूवरही ऑलिव्ह रिडले येतात.

ती वाळू कोठून येते? समुद्र वाळू तयार करीत नाही, नद्या आणतात. भंडाऱ्याजवळून वाहणारी आमची वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते. कोकणात जिला वाळू म्हणतात तिला आम्ही रेती म्हणतो आणि आमच्या जिल्ह्यात ती सोन्याच्या भावाने विकली जाते. मोहाडी-तुमसरच्या रेतीघाटांवरून रात्री निघणारे ट्रक मी माझ्या खिडकीतून ऐकतो. नदीचे पात्र खरवडून शहरांत इमारती उभ्या राहतात. जी रेती उरते ती धरणांच्या भिंतीमागे बसते. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खात चालला आहे आणि वरून येणारा गाळ धरणांनी अडविला हे त्याचे एक मोठे कारण आहे. मादी पन्नास-साठ दिवस अंडी कोरडी राहतील एवढी उंच वाळू शोधत वर येते. ती वाळू तिच्या जन्मापूर्वी कोणत्या तरी रेतीघाटावरून वाहत यायला हवी होती.

रेती जात नाही, पण घाण जाते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तेथून गोसेखुर्दच्या जलाशयाला मिळते, हे भंडारा जिल्ह्यात शाळकरी पोरही सांगेल. त्या जलाशयाकाठचा धीवर बांधव त्या पाण्यात जाळे टाकतो. पावसाळ्यात दरवाजे उघडले की प्लॅस्टिकच्या पिशव्यांची वरात खाली निघते. समुद्रातले कासव तरंगती पिशवी जेलीफिश समजून गिळते. ती पिशवी वरठीच्या बाजारातली नसेल असे छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही.

जाता जाता आमच्या घरचे आणखी एक. ज्या विदर्भातून समुद्री कासवाच्या पिल्लांसाठी सहली निघतात, त्याच विदर्भात 'वीस नखी कासव' पैशांचा पाऊस पाडते या खुळापायी तळ्यांतली, नद्यांतली निरुपद्रवी कासवे पोत्यात भरून विकली जातात. तेही कायद्याने संरक्षित. तेही कासवच. पण त्याचा महोत्सव नाही, म्हणून त्याला कोणी वाली नाही.

"मग काय महोत्सव बंद करायचे?" भाच्याने मला पत्रातून विचारले, जरा रागानेच. नाही. महोत्सवाने गावाला कासव राखण्याचे कारण दिले. ते काढून घेण्याचा अधिकार मला नाही. परंतु पिल्ले वर येतील त्या वेळी ती सोडली जावीत, पाहुणा आला असो वा नसो. हात लावू नये, विजेरी मारू नये, दोरीमागे उभे राहून मुकाट पाहावे. उशीर झाला तर रिकामी वाळू पाहून परत जावे. पाहुण्याला तीही शिकवण होईल. सहलीच्या शुल्कातला काही भाग किनारा राखणाऱ्याच्या हातात आणि तेवढाच भाग टेड लावणाऱ्या नौकेच्या हातात जावा. आमच्या बाजूने म्हणाल तर वैनगंगेच्या रेतीघाटांच्या लिलावावर ग्रामसभेत जो आवाज उठतो, त्यात आमच्या ख्रिस्ती कुटुंबांचा आवाज आजवर मी ऐकला नाही. माझाही नव्हता. गेल्या ग्रामसभेत पहिल्यांदा उठलो आणि बोललो. दोन मिनिटांत मला खाली बसविले गेले.

येत्या मार्चला भाचा पुन्हा बोलावतो आहे. मी त्याला कळविले आहे की येईन, पण आदल्या दिवशी मंडळाच्या सगळ्या पोरांना घेऊन बंदरावर जायचे, नौका परतताना धक्क्यावर उभे राहायचे आणि प्रत्येक तांडेलाला एकच विचारायचे: जाळ्यात टेड आहे का, नसेल तर का नाही. उत्तरे वहीत लिहून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पहाटे कासव निघाले तर पाहू. भाच्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.